लहान शिडाच्या नौकेची रस्तावाहतूक व शीडजोडणी : अनवधानाने होणाऱ्या चुकांची कारणमीमांसा

सारांश

मोटारीमागे ट्रेलर जोडून लहान शिडाची नौका जलाशयापर्यंत नेणे आणि काठावर तिची डोलकाठी उभी करून शिडे जोडणे, ही कामे वरकरणी सोपी आहेत. तथापि या कामांत वर्षानुवर्षे मुरलेल्या व्यक्तींकडूनही बूच विसरणे, खिळीची कडी न घालणे, जोडणीचा खटका अर्धवट बसणे अशा चुका होत असतात. या चुकांमागे अज्ञान नसून अनवधान असते. चूक एका ठिकाणी घडते आणि तिचा परिणाम दुसऱ्या ठिकाणी, काही काळाने प्रकट होतो. त्यामुळे केवळ अनुभवाने या चुका कमी होत नाहीत. प्रस्तुत लेखात ब्रिटनमधील डिंगी नौकानयनाच्या उदाहरणावरून या चुकांचे स्वरूप, त्यांमागील यांत्रिक व मानसशास्त्रीय कारणे आणि त्या टाळण्याचे उपाय यांचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : डिंगी, ट्रेलर, शीडजोडणी, अनवधान, पडताळणी-सूची.

१. प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये नौकानयन हा श्रीमंतांपुरता मर्यादित छंद राहिला नाही. जलरोधक प्लायवूड सहज मिळू लागले, मध्यमवर्गाकडे मोटारी आल्या आणि घरच्या अंगणात बांधता येतील अशा लहान नौकांचे आराखडे उपलब्ध झाले. या बदलात जॅक होल्ट या नौकारचनाकाराचा वाटा मोठा आहे. त्याची चौदा फुटी 'जीपी १४' १९४९ मध्ये व 'एन्टरप्राइज' १९५६ मध्ये आली. १९६२ मधील 'मिरर' ही नौका त्याने बॅरी बकनेल यांच्यासह तयार केली. 'मिरर'चे शीड दोन आखूड काठ्यांवर पेलले जात असल्याने तिच्या सर्व काठ्या नौकेच्या लांबीत मावत आणि ती मोटारीच्या टपावर ठेवूनही नेता येत असे. नौका पाण्याजवळ कायम न ठेवता घरी ठेवायची आणि सुटीच्या दिवशी पाण्यावर न्यायची, ही कल्पना या रचनांच्या मुळाशी होती.

या सोयीची किंमतही होती. बंदरात नांगरलेली नौका जोडलेल्या अवस्थेत उभी असते. घरी ठेवलेली नौका मात्र प्रत्येक वेळी उलगडावी, बांधावी, ओढावी, पुन्हा जोडावी आणि सायंकाळी हे सारे उलट क्रमाने करावे लागते. एका दिवसाच्या नौकानयनासाठी अशा कित्येक लहान कृती कराव्या लागतात. त्यांतील एखादी जरी सुटली तरी उरलेल्या सर्व कृतींची अचूकता वाया जाऊ शकते.

२. 'चूक' या संकल्पनेचे स्वरूप

मानवी चुकांच्या अभ्यासात डोनाल्ड नॉर्मन यांचे १९८१ मधील निसटत्या कृतींचे वर्गीकरण आणि जेम्स रीझन यांचे १९९० मधील विवेचन मूलभूत मानले जाते. त्यानुसार सदोष कृतींचे ढोबळमानाने चार प्रकार होतात. हेतू योग्य असून हातून भलतीच कृती होणे ही निसटती कृती. करावयाची कृती स्मरणातून सुटणे हे विस्मरण. कृती ठरल्याप्रमाणे होऊनही मूळ निर्णयच चुकीचा असणे ही निर्णयातील चूक. नियम ठाऊक असून तो मोडणे हा नियमभंग होय.

लहान नौकेच्या बाबतीत होणाऱ्या अनेक चुका पहिल्या दोन प्रकारांत मोडतात. बूच लावले पाहिजे हे ज्याला माहीत नाही असा नाविक विरळाच. म्हणूनच 'अधिक माहिती द्या' हा उपाय येथे अपुरा पडतो. जे ठाऊक आहे तेच ऐनवेळी आठवत नाही, ही खरी अडचण आहे.

३. रस्त्यावरील टप्पा

३.१ जोडणी : ट्रेलरच्या पुढील टोकास उलट्या वाटीसारखे कपलिंग असते व ते मोटारीच्या मागील पोलादी गोळ्यावर बसते. वाटीच्या आतील पकड गोळ्याच्या खालच्या अंगास सरकली म्हणजे जोडणी पूर्ण होते. पकड सरकली नाही तरी वाटी स्वतःच्या वजनाने गोळ्यावर टेकून राहते. पाहणाऱ्यास दोन्ही अवस्था सारख्याच भासतात. सपाट रस्त्यावर काही अंतर निर्विघ्न पार पडते आणि पहिल्या मोठ्या धक्क्यास वाटी उडते. यावर एक साधी कसोटी आहे. खटका बसविल्यानंतर ट्रेलरचे पुढचे आधारचाक फिरवून कपलिंग वर उचलावे. जोडणी पक्की असेल तर मोटारीची मागील बाजूही किंचित वर येते. त्यानंतर ते आधारचाक पूर्ण वर घेऊन आवळणे ही शेवटची कृती असते आणि नेमकी तीच अनेकदा राहून जाते.

गोळ्याचा आकारही महत्त्वाचा आहे. युरोपात तो ५० मि.मी. व्यासाचा असतो. अमेरिकेत मात्र एकाहून अधिक आकार वापरात असल्याने, दोन इंची वाटी ४७.६ मि.मी.च्या लहान गोळ्यावर बसल्यासारखी वाटते आणि वाटेत निसटू शकते.

ब्रिटनमध्ये ब्रेक नसलेल्या ट्रेलरला साखळी किंवा तारेची दुय्यम जोडणी आणि ब्रेक असलेल्या ट्रेलरला, तो सुटल्यास आपोआप ब्रेक लावणारी तार आवश्यक असते. मुख्य जोडणी कधीतरी चुकणार हे गृहीत धरून केलेली ही योजना आहे. ही तार 'एरवीही काही होत नाही' म्हणून न अडकविणे हे अनवधान नव्हे, तर नियमभंग होय. त्याचा धोका नौकामालकापेक्षा मागून व समोरून येणाऱ्या अनोळखी प्रवाशांना अधिक असतो.

३.२ भाराची विभागणी : जोडणीवर पडणारा उभा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा, असे ब्रिटनमध्ये सर्वसाधारणपणे सुचविले जाते. नांगर, इंजिन, भिजलेली शिडे इत्यादी सामान सहज म्हणून नौकेच्या मागील भागात टाकल्यास हा भार कमी होतो किंवा ऋण होतो. अशा ट्रेलरला वाऱ्याचा झोत किंवा शेजारून जाणारा ट्रक निमित्त होऊन डावी-उजवी आंदोलने सुरू होतात. विशिष्ट वेगापर्यंत ती आपोआप शमतात. तो वेग ओलांडल्यावर मात्र ती वाढत जातात. अशा वेळी वेग वाढवून ट्रेलर सरळ करण्याचा प्रयत्न घातक ठरतो. एक्सिलरेटरवरील पाय हळूहळू काढणे व सुकाणूचक्र स्थिर धरणे हाच मार्ग होय. ट्रेलर ओढताना ब्रिटनमध्ये मोटारींना एकेरी मार्गावर ताशी ५० मैल (८० कि.मी.) व मोटरवेवर ६० मैल (९७ कि.मी.) ही मर्यादा असते, तिचे एक कारण यात दिसते.

३.३ पट्टे : नौका ट्रेलरवर पट्ट्यांनी आवळलेली असते. प्रवासाच्या सुरुवातीस ती आधारगाद्यांवर नीट बसते आणि तेवढ्याने पट्टे सैल होतात. म्हणून पंधरा-वीस किलोमीटरांनंतर थांबून पट्टे पुन्हा तपासणे आवश्यक असते. याच थांब्यावर चाकाच्या तुंब्याजवळ हात नेऊन पाहिल्यास बेअरिंग तापले आहे काय हेही कळते. सपाट पट्टा वाऱ्याने फडफडून घासला जातो. त्यास एक पीळ दिल्यास ही फडफड थांबते.

३.४ चाकाचे बेअरिंग : येथील चूक सर्वांत उशिरा उघड होते. लांबच्या प्रवासाने तापलेले चाक लगेच थंड पाण्यात उतरविल्यास तुंब्यातील हवा आकुंचन पावते आणि सीलमधून पाणी आत खेचले जाते. ग्रीस पांढुरके होऊन वंगणाचा गुण गमावते, क्षारयुक्त पाण्याने गंज चढतो. त्या दिवशी काहीच बिघडत नाही. काही आठवड्यांनी, एखाद्या दूरच्या महामार्गावर, बेअरिंग जखडते आणि प्रसंगी चाक निखळते. तोपर्यंत त्या दिवशीचा उतार कोणाच्याही स्मरणात नसतो.

४. काठावरील टप्पा

४.१ सोडण्याचा क्रम : पाण्यात उतरताना परस्परविरुद्ध अशा दोन चुका संभवतात. मागील पट्टा न सोडता ट्रेलर पाण्यात नेल्यास नौका तरंगू शकत नाही आणि तिच्या पिछाडीवरून पाणी आत येते. उलट, पुढील दोर उताराच्या माथ्यावरच सोडल्यास नौका मागे घसरून काँक्रीटवर आदळते. म्हणजे 'सर्व बंध सोडा' किंवा 'सर्व बंध ठेवा' असा सरसकट नियम येथे चालत नाही. मागचा बंध पाण्याबाहेर सोडावयाचा आणि पुढचा नौका तरंगल्यावर सोडावयाचा, हा क्रमच येथे निर्णायक ठरतो.

४.२ बूच : नौकेत साचलेले पाणी काढण्यासाठी पिछाडीत छिद्र असते व नौका उभी असताना ते उघडे ठेवतात. २५ मि.मी. व्यासाचे छिद्र पाण्याखाली १० सें.मी. असेल, तर प्रवाहाच्या नेहमीच्या सूत्रानुसार त्यातून सुरुवातीस मिनिटाला सुमारे २५ लिटर पाणी आत येते. सुमारे ९० किलो वजनाच्या 'एन्टरप्राइज'सारख्या सांगाड्यात चार मिनिटांत नौकेच्या वजनाइतके पाणी जमा होऊ शकते.

तथापि उघड्या सांगाड्यातील पाणी निदान दिसते तरी. हवाबंद कोठ्यांची बुचे विसरल्यास ती चूक अधिक गंभीर ठरते. नौका सरळ चालत असेपर्यंत कोठीत फारसे पाणी शिरत नाही. नौका उलटल्यावर मात्र, ज्या कोठीने ती तरंगत ठेवावयाची तीच भरू लागते. सुरक्षेचे साधन नेमके गरजेच्या क्षणी निकामी होते आणि त्यापूर्वी त्याची कोणतीही सूचना मिळत नाही.

४.३ विजेच्या तारा : डोलकाठी उभी करण्यापूर्वी वर पाहणे हा नियम सर्वांना ठाऊक असतो. ब्रिटनमधील २००२ च्या नियमांनुसार ३३ किलोव्होल्टपर्यंतच्या उघड्या तारांची जमिनीपासूनची किमान उंची रस्त्यांखेरीज अन्यत्र ५.२ मीटर असते. चौदा फुटी नौकेच्या उभ्या डोलकाठीचे टोक याहून सहज उंच जाते. अॅल्युमिनियमची काठी व पोलादी आधारतारा विद्युतवाहक असतात आणि उच्च दाबाच्या तारेस प्रत्यक्ष स्पर्श न होताही ठिणगी उडी घेते. काठी उभी करण्याच्या जागी तारा नसतात म्हणून मन निश्चिंत होते. पण तेथून पाण्यापर्यंत नौका ढकलत नेण्याची वाटही काठीच्या उंचीनेच तपासावी लागते, हे सुटून जाते.

५. शीडजोडणीचा टप्पा

डोलकाठी दोन्ही बाजूंच्या व पुढच्या पोलादी तारांनी ताठ उभी राहते. तारेचे खालचे टोक नौकेच्या पट्टीस एका आडव्या खिळीने जोडतात. ती खीळ बाहेर सरकू नये म्हणून तिच्या टोकास बोटाच्या पेराहून लहान अशी पोलादी कडी घालतात. खीळ घालताच डोलकाठी उभी राहते, म्हणून काम संपल्यासारखे वाटते. कडी घालण्यास चिमटीत धरून, नखाने उघडून, कष्टाने फिरवावी लागते, आणि तिच्यावाचून तूर्त काही अडत नाही.

पुढील घडामोड यांत्रिकदृष्ट्या बोधप्रद आहे. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूची तार ताणलेली असते आणि ताणामुळे होणाऱ्या घर्षणाने खीळ जागीच राहते. वाऱ्याआडची तार मात्र सैल होऊन हलते आणि तिची खीळ हळूहळू बाहेर येऊन गळून पडते. तरीही डोलकाठी उभीच असते, कारण त्या क्षणी त्या तारेवर भारच नसतो. नाविक दिशा बदलतो, वारा दुसऱ्या बाजूने येतो, सारा भार या सुटलेल्या तारेवर येतो आणि डोलकाठी कोसळते. पाहणाऱ्यास वाटते की वळण घेताना चूक झाली. प्रत्यक्षात ती तासाभरापूर्वी काठावर झालेली असते.

सुकाणूची अटक-पट्टी न बसविल्यास नौका उलटताच सुकाणू आपल्या कड्यांतून निसटते. पुढच्या शिडाच्या दोराच्या टोकास आठच्या आकाराची गाठ न मारल्यास शीड फडफडताच दोर मार्गदर्शक कडीतून निघून जातो. शीड चढविण्याच्या दोराचे टोक न बांधल्यास तो डोलकाठीच्या शेंड्यावर जाऊन बसतो. ही शेवटची चूक स्वतः निरुपद्रवी आहे. परंतु दोर परत मिळविण्यासाठी डोलकाठी घाईने उतरवून पुन्हा उभी करावी लागते आणि त्या दुसऱ्या जोडणीत खिळीची कडी राहून जाण्याची शक्यता वाढते. एक चूक दुसऱ्या चुकीस अशी जन्म देते.

६. कारणमीमांसा

वरील उदाहरणांत तीन समान सूत्रे आढळतात.

पहिले सूत्र अखेरच्या पायरीचे आहे. मायकेल बर्न व सुसान बोव्हेअर यांनी १९९७ मध्ये, मुख्य उद्दिष्ट साध्य झाल्यावर उरणारी पायरी विसरली जाण्याच्या प्रवृत्तीचे विवेचन केले. छायाप्रत हाती येताच मूळ कागद यंत्रातच राहतो, हे त्याचे परिचित उदाहरण होय. आधारचाक, खिळीची कडी, दोराची गाठ ही सर्व याच जातीची उदाहरणे आहेत. उद्दिष्ट साध्य झाले की ते स्मृतीतून उतरते आणि त्यासोबत त्याची शेपटीही उतरते.

दुसरे सूत्र व्यत्ययाचे आहे. उतारावर मागे इतर मोटारी खोळंबलेल्या असतात, ओळखीचे लोक बोलावयास येतात, मुले घाई करतात. व्यत्ययानंतर मनुष्य काम पुन्हा सुरू करतो ते बहुधा एक पायरी पुढून, कारण करावयाची ठरविलेली कृती आणि केलेली कृती यांची स्मृती सारखीच भासते.

तिसरे व सर्वांत महत्त्वाचे सूत्र विलंबाचे आहे. तव्याला हात लागला तर तत्काळ चटका बसतो, म्हणून ती चूक मनुष्य पुन्हा सहसा करीत नाही. येथे चूक आणि चटका यांच्यात मैलांचे किंवा आठवड्यांचे अंतर असते. शिवाय अनेकदा चटका बसतच नाही. कडीविना खीळ कित्येक वेळा टिकून राहते, तारेविना ट्रेलर कित्येकदा घरी पोहोचतो. अशा प्रत्येक सुटकेने निष्काळजीपणास अनुभवाचे प्रमाणपत्र मिळते. म्हणूनच 'वीस वर्षांत कधी काही झाले नाही' हे विधान सुरक्षिततेचा पुरावा ठरू शकत नाही.

७. उपाययोजना

३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील राइट फील्ड येथे बोइंगचे 'मॉडेल २९९' हे विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले व दोघांचा मृत्यू झाला. विमान उभे असताना त्याचे नियंत्रक भाग वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेली अटक काढण्याचे राहून गेले होते. वैमानिक अननुभवी नव्हते. या घटनेतून उड्डाणपूर्व पडताळणी-सूचीची प्रथा रूढ झाली आणि तेच विमान पुढे 'बी-१७' म्हणून यशस्वी ठरले. न काढलेली अटक आणि न सोडलेला पट्टा यांत तत्त्वतः फरक नाही. म्हणून उपायही त्याच दिशेचे आहेत.

(अ) निश्चित क्रम : जोडणी दर वेळी एकाच क्रमाने करावी. सूची लहान असावी. लांबलचक सूची यांत्रिकपणे वाचली जाते आणि तिचा हेतू नष्ट होतो. निघण्यापूर्वी, उतारावर जाण्यापूर्वी आणि काठ सोडण्यापूर्वी अशा तीन ठिकाणी प्रत्येकी पाच-सहा बाबी पुरेशा आहेत.

(आ) स्पर्श व उच्चार : नुसते पाहणे पुरत नाही, कारण डोळ्यांना अपेक्षित तेच दिसते. प्रत्येक कडीस बोट लावून तिचे नाव उच्चारावे. भारतीय रेल्वेत लोको पायलट व त्याचा सहायक सिग्नलचा संकेत परस्परांना मोठ्याने सांगतात, त्यामागील तत्त्व हेच होय.

(इ) व्यत्ययाचा नियम : काम तुटल्यास त्या भागाची तपासणी आरंभापासून करावी. अमेरिकेत १९८१ पासून विमानाच्या उड्डाण व अवतरणाच्या टप्प्यांत वैमानिकांना अनावश्यक संभाषणास मनाई आहे. डोलकाठी उभी करण्याची पाच मिनिटेही तशीच मानावीत.

(ई) स्मरणाची खूण : नौका घरी असताना बूच मोटारीच्या किल्लीस बांधून ठेवावे. किल्ली हाती घेतल्यावाचून प्रवास सुरू होत नाही आणि ती खिशात टाकल्यावाचून नौकेत बसता येत नाही.

(उ) रचनेतील बदल : चूक अशक्य करणारी रचना सर्वांत श्रेष्ठ. ब्रिटनमधील डिंगींसाठी प्रचलित असलेला जोड-ट्रेलर हे याचे उत्तम उदाहरण आहे. यात नौका हलक्या हातगाड्यावर बसते आणि हा हातगाडा महामार्गावरील ट्रेलरवर चढतो. काठावर केवळ हातगाडा पाण्यात जातो, ट्रेलर कोरडाच राहतो. त्यामुळे बेअरिंगमध्ये पाणी शिरण्याचा प्रश्नच उरत नाही.

ब्रिटनमध्ये १६ डिसेंबर २०२१ पासून, १९९७ नंतर मोटार परवाना मिळालेल्यांना जड ट्रेलर ओढण्यासाठी असलेली वेगळी चाचणी रद्द झाली. परीक्षकाची तपासणी गेली, की मालकाच्या स्वतःच्या तपासणीचे महत्त्व वाढते.

८. महाराष्ट्राच्या संदर्भात

भारतात खाजगी मोटारीमागे नौका ओढण्याची प्रथा फारशी रुजलेली नाही, त्यामुळे रस्त्यावरील टप्प्याचे विवेचन येथे मर्यादित लागू पडते. परंतु 'ऑप्टिमिस्ट', 'लेझर', 'एन्टरप्राइज' या वर्गांच्या नौका येथेही वापरल्या जातात आणि खिळीची कडी, बूच, सुकाणूची अटक ही सर्वत्र तीच आहेत. कोकणात पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवण्याची आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास त्या पुन्हा सज्ज करून पाण्यात लोटण्याची परंपरा आहे. होडी लोटण्यास अनेक हात लागतात, आणि जेथे अनेक हात असतात तेथे अनेक डोळेही असतात. प्रशिक्षण केंद्रांनी हे तत्त्व स्वीकारून प्रत्येक नौकेची जोडणी दुसऱ्या जोडीकडून तपासून घेण्याचा प्रघात पाडल्यास तो विनाखर्च व परिणामकारक ठरेल.

९. निष्कर्ष

१) लहान नौकेची वाहतूक व जोडणी यांतील अनेक चुका ज्ञानाच्या अभावी नव्हे, तर अवधानाच्या अभावी होतात.

२) मुख्य काम पूर्ण झाल्यावर उरणारी लहान पायरी सर्वाधिक धोक्यात असते.

३) चूक व परिणाम यांत काळाचे आणि स्थळाचे अंतर असल्याने अनुभव हा येथे विश्वासार्ह शिक्षक ठरत नाही. अनेकदा तो फसवा आत्मविश्वासच देतो.

४) निश्चित क्रम, स्पर्शाने पडताळणी, व्यत्ययानंतर पुनरारंभ, दुसऱ्या व्यक्तीची तपासणी आणि चूकरोधक रचना हे उपाय परस्परपूरक आहेत.

चटका बसेपर्यंत वाट न पाहता जेथे चूक घडते तेथेच ती पकडणे, हे या सर्व उपायांचे सार होय. खिळीच्या टोकाची कडी घालण्यास अर्धे मिनिट पुरते. ती न घातल्यास मात्र भर पाण्यात नाविकाच्या व त्याच्या सोबत्याच्या डोक्यावर डोलकाठी कोसळू शकते.